पिवळा रंग घासायचा राहिला

लग्नकार्यात शेजारच्या पाहुण्याने विचारलं, "तुम्ही काय करता?" तर मी "अर्थिंगची कामं घेतो" असं सांगतो. पाहुणा "अस्सं" म्हणतो आणि जिलेबीकडे वळतो. त्याचा दोष नाही. आमचं काम नीट झालं तर कुणाला दिसत नाही. आणि दिसलं, तर समजायचं की कुठेतरी काहीतरी जळलेलं आहे.

वडील दौंडला रेल्वेत गँगमन होते. आमच्या घरात आलेली पहिली पदवी माझी. बी.एस्सी., विषय भौतिकशास्त्र. निकाल घेऊन घरी आलो तेव्हा वडिलांनी गुणपत्रिका उलटीसुलटी करून पाहिली आणि विचारलं, "मग आता तुला काय काय दुरुस्त करता येतं?" मी म्हणालो, "अजून काहीच नाही." ते म्हणाले, "तीन वर्षं गेली तर मग." पुढे रांजणगावच्या एका कारखान्यात देखभाल विभागात लागलो. तिथल्या शेडवर वीज पडली तर काय करायचं हे शिकताना कॉलेजातल्या सरांनी फळ्यावर काढलेल्या आकृत्या एकेक करून खऱ्या निघू लागल्या. त्या सरांचे आणि वडिलांनी पोटाला काढलेल्या चिमट्यांचे उपकार मी आजही मानतो. वडिलांना मात्र शेवटपर्यंत माझं काम पटलं नाही. "वीज आपली आपण जमिनीतच जाते की. तिला वाट दाखवायला बी.एस्सी. लागतो?"

लागतो. विशेषतः घरात गॅसची लाइन आल्यापासून लागतो.

गेल्या काही वर्षांत शिरूर-दौंडकडच्या नव्या कॉलन्यांत सिलिंडर जाऊन पाइपचा गॅस येऊ लागला. जमिनीखालून येणारा हा पाइप प्लॅस्टिकचा असतो. घराच्या भिंतीशी वर आला की तो लोखंडी होतो आणि त्याला झकास पिवळा रंग असतो. काही घरांत शेगडीमागचे शेवटचे दोन-तीन फूट पातळ स्टीलची, वळ्यावळ्यांची, हाताने वाकवता येणारी नळी बसवतात. बघणाऱ्याला वाटतं, लोखंडी पाइप जमिनीतून आलाय. प्रत्यक्षात तो जमिनीला टेकलेलाच नसतो. भिंतीवर अधांतरी लटकत असतो.

आता वीज. ती तुमच्याच घरावर पडायला हवी असं नाही. शेजाऱ्याच्या नारळावर पडली तरी गच्चीवरच्या सोलरच्या वायरीतून, डिशच्या केबलमधून तिचा थोडा हिस्सा तुमच्याकडे येतो. वायरीत प्रचंड दाब, शेजारच्या गॅसच्या नळीत काहीच नाही आणि दोघांत बोटभर अंतर. मग ती उडी मारते. त्या पातळ नळीला सुईच्या टोकाएवढं भोक पडतं, भोकातून गॅस येतो, आणि काडी तर विजेने बरोबरच आणलेली असते.

उपाय सोपा आहे. घरातल्या सगळ्या मोठ्या धातूंना जाड तांब्याच्या वायरीने जोडायचं आणि एकाच अर्थिंगला न्यायचं. गिऱ्हाइकांना मी पंगतीचं उदाहरण देतो. सगळे एका उंचीच्या पाटावर बसले की कुणी कुणावर धावून जात नाही. एकाला खुर्ची आणि एकाला उंबऱ्याबाहेर जागा दिली की ठिणगी उडणारच. हे तत्त्व गावालाही लागू आहे, पण ते कंत्राट मला अजून कुणी दिलेलं नाही.

दौंडला डिझेल इंजिन चालवून निवृत्त झालेले एक मामा होते. त्यांनी घरभराचं अर्थिंग एका वायरीने थेट गॅसच्या पाइपला बांधलं होतं. "अहो, लोखंड जमिनीत चाललंय. फुकटचं अर्थिंग!" मी पिशवीतून प्लॅस्टिकच्या पाइपाचा नमुन्याचा तुकडा काढून दिला आणि म्हणालो, "मामा, जमिनीत हे आहे." त्यांनी तो हातात फिरवला, वास घेतला, शेवटी दाताने चावून पाहिला. "च्यायला," ते म्हणाले, "चाळीस वर्षं रूळ बघितले, म्हणून वाटलं सगळंच लोखंडी असतं." वायर त्यांनी त्याच दिवशी काढली. असं गिऱ्हाईक म्हणजे देवमाणूस. बाकीचे चावतही नाहीत आणि ऐकतही नाहीत.

मामांची चूक मी हसत हसत सांगितली. आता माझी सांगतो.

शिरूरबाहेरच्या एका नव्या कॉलनीत आप्पांचा बंगला होता. आप्पा सोसायटीच्या निवडणुकीत एकदा पडलेले आणि तेव्हापासून कुठल्याही विषयावर बोलायला मोकळे झालेले. त्यांच्या पत्नीला सगळे काकू म्हणत. मुलगा सागर आणि सून अश्विनी, दोघंही रांजणगावच्या एमआयडीसीत नोकरीला. अर्थिंगचं काम माझ्याकडे होतं. माझ्याबरोबर बबनदादा, माझ्याहून दहा वर्षांनी मोठे वायरमन. हात सोन्याचे, जीभ कुणाचीही भीड न ठेवणारी.

गॅसच्या पाइपला तांब्याची वायर जोडायला एक क्लॅम्प बसवतात. त्याआधी तेवढ्या जागेवरचा रंग कानशीने घासून लोखंड उघडं करायचं असतं. रंग मध्ये राहिला तर क्लॅम्प नुसता दागिना. बबनदादांनी कानस काढली आणि आप्पा ओरडले.

"ओ! काय करताय? उद्या वास्तुशांत हाय! नव्या पायपाला वरबाडून ठेवता व्हय?"

मी म्हणालो, "आप्पा, बोटभरच घासायचं आहे."

"बोटभर आसू दे न्हाई तर हातभर. पाहुण्यांच्या डोळ्याला आधी तेच दिसतंय. दोन दिवसांनी या आन् पायजे तेवढं घासा."

मला वाटलं, दोन दिवसांचाच प्रश्न आहे. क्लॅम्प रंगावरच आवळला. माझ्या तपासणीच्या कागदावर एक रकाना आहे, 'गॅस पाइप जोडणी'. त्यापुढे बरोबरची खूण केली, खाली सही केली. दुसऱ्या दिवशी जेवायलाही गेलो. बुंदी चांगली होती. पाइप पिवळाधमक होता. दोन दिवसांनी मी दुसऱ्या कामावर होतो आणि पुढे विसरलो.

पुढच्या वर्षी मे महिन्यात, भर दुपारी वळवाचा पाऊस आला. अश्विनीची साप्ताहिक सुट्टी होती, सागरची रात्रपाळी. आमच्याकडे विजा कडाडू लागल्या की, वीज घरावर येऊ नये म्हणून अंगणात लोखंड फेकतात. काकूंनी विळी फेकली, कोयता फेकला, आप्पांचा नवा पाइप पाना फेकला. तेवढ्यात शेजारच्या नारळावर वीज पडली, आणि इकडे शेगडीमागे भस्सकन जाळ उठला. मसाल्याचं फडताळ पेटलं. अश्विनीने पावसात बाहेर धाव घेतली आणि भिंतीवरचा गॅसचा कॉक बंद केला. जाळ खाली बसला. मग सागरने आणि आप्पांनी बादल्या ओतून फडताळ विझवलं. विजा चमकत असताना पाइपला हात लावू नये असं मीच सगळ्यांना सांगत असतो, पण त्या दिवशी तिने हात लावला म्हणून घर उरलं.

हे मला चार दिवसांनी कळलं. फोन अश्विनीचा होता.

"सर, मी केडगावहून बोलतेय. माहेराहून."

"पाहुण्या म्हणून गेलात?"

"पायाळू म्हणून."

जन्मताना पायाकडून बाहेर आलेल्या माणसाला पायाळू म्हणतात, आणि पायाळू माणसावर वीज पडते असा आपल्याकडे समज आहे. अश्विनी पायाळू. तिच्या आईने एका बारशात ही गोष्ट सहज सांगितली होती. तेव्हा काकू हसल्या होत्या. आग लागल्यावर त्यांना ती आठवली.

"पण कॉक तुम्हीच बंद केलात ना?" मी विचारलं.

"तोच तर पुरावा आहे त्यांचा. मी घराबाहेर गेले आणि आग विझली."

काकूंच्या या युक्तिवादात भौतिकशास्त्राच्या पदवीधराला पटकन चूक दाखवता येईना, हे कबूल करतो. ठराव असा झाला होता की दर वर्षी चैत्रापासून मृगापर्यंत सुनेने केडगावला राहायचं. कंपनीची बस केडगावला येत नाही. तीन-तीन महिने सुट्टी कोण देणार? सागर आईपुढे बोलत नव्हता आणि बायकोला "थोडं थांब" म्हणत होता.

"नोकरी गेली तर मी परत कशासाठी जायचं, सर?" ती म्हणाली. "मला कागद हवाय. माझ्या पायांबद्दल नाही. पाइपला काय झालं त्याबद्दल."

मी आणि बबनदादा गेलो. स्वयंपाकघराची भिंत काळी झाली होती. शेगडीमागची नळी काढून उजेडात धरली, वळीच्या कडेला सुईएवढं भोक. सोलरच्या गिझरची वायर तिथूनच गेली होती. मग बाहेर भिंतीशी आलो. मल्टिमीटर लावला. वायर जोडलेली असेल तर तो पिपाणीसारखा वाजतो. वाजला नाही. क्लॅम्प काढला, खाली पिवळा रंग शाबूत. ओरखडासुद्धा नाही.

बबनदादांनी माझ्याकडे पाहिलं. "सर, घासायचा राह्यला."

विजेला रंगाचा एवढासा थर फोडता येतो, घासला असता तरी आग लागलीच नसती कशावरून, अशी मी दोन मिनिटं स्वतःची वकिली केली. पण कागदावरची खूण माझी होती. तिला कोणताच वकील मिळाला नाही.

बैठकीच्या खोलीत सगळे बसले. मी नळी दाखवली, भोक दाखवलं, पंगतीचं उदाहरण दिलं. काकू शांतपणे ऐकत होत्या.

"ते समदं खरं," त्या म्हणाल्या. "पन कॉलनीत येवढी घरं हायती. मंग वीज आमच्याच हितं का?"

"काकू, नारळ तुमच्या शेजारी आहे म्हणून."

"नारळ दा वर्सं हाय. सून दोन वर्सं हाय."

तेव्हा मी सांगितलं. क्लॅम्प रंगावर बसवला, तपासला नाही, तरी 'ठीक' अशी सही केली. चूक माझी आहे. आप्पांनी नको म्हटलं होतं हे मी सांगितलं नाही, पण आप्पा एकदम पंख्याकडे बघू लागले.

मला वाटलं, आता शिव्या बसतील. काकूंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"म्हंजी तुमच्या हातानं झालं."

"हो."

"तुम्ही कसं जन्मला?"

"काय?"

"डोक्याकडनं का पायाकडनं?"

मी उत्तर द्यायच्या आत बबनदादा बोलले, अगदी सहज, पाण्याचा तांब्या खाली ठेवत. "पायाळू हायती की. लोकास्नी सांगत न्हाईत, धंद्यावर परिनाम होतो."

काकूंच्या चेहऱ्यावरचा ताण झर्रकन उतरला. "तरीच!" त्या म्हणाल्या. "सागर, लाव रं फोन तिला."

आणि मी गप्प बसलो. माझ्या आयुष्यात एवढ्या झटपट पटलेलं स्पष्टीकरण दुसरं नाही. तासभर विज्ञान सांगून जे झालं नाही ते बबनदादांच्या एका थापेने झालं. परत येताना गाडीवर मी काहीतरी पुटपुटलो, तर दादा मागून म्हणाले, "पोरगी घरी आली का न्हाई? मंग? तुमचं काय जातंय? तुमी कुठं सासरी जानार हाय?"

माझं बरंच गेलं. आठवड्याभरात बातमी पसरली. एका गिऱ्हाइकाने फोनवर विचारलं, "सर, या, पण ढग नसताना या." पायाळूला जमिनीतलं पाणी दिसतं असाही समज आहे, त्यामुळे दौंडकडच्या एका बागायतदाराने बोअरचा पॉइंट काढायला मानाचा नारळ देतो म्हणून बोलावलं. मी गेलो नाही. बबनदादा म्हणाले, "जायचं हुतं. नारळ तरी आला आसता."

मग पुन्हा अश्विनीचा फोन आला. या वेळी शिरूरहून.

"सर, कागद कुठाय?"

"तुम्ही घरी आलात ना? आता कागद कशाला?"

"मी घरी आले, पण पायाळू म्हणूनच आले. फक्त तुम्ही माझ्यापेक्षा मोठे पायाळू निघालात. पुढच्या वर्षी परत कुठे वीज पडली की तुम्ही तुमच्या घरी असाल. मी इथे असेन."

तिचं म्हणणं सरळ होतं. वडिलांनी विचारलेला प्रश्न आठवला नाही, सरांचा फळाही आठवला नाही. फक्त लाज वाटली. ज्या शिक्षणाचे उपकार मी येता-जाता सांगतो, ते नेमकं बोलायच्या वेळी मी सोफ्यावर बसून बबनदादांच्या थापेआड लपलो होतो.

मी माझ्या छापील कागदावर लिहिलं. नळीला भोक कशाने पडलं, सोलरची वायर कुठून गेली होती, पाइपचा रंग न घासता क्लॅम्प कुणी बसवला, न तपासता सही कुणी केली. घरातल्या व्यक्तीने कॉक वेळेत बंद केल्याने पुढचं नुकसान टळलं, हेही लिहिलं. तिने फोनवर सगळं ऐकलं आणि म्हणाली, "आणि ते पायाळूचं?"

"ते अधिकृत कागदावर कसं लिहिणार?"

"खोटं बैठकीत बोलता येतं, तर खरं कागदावर लिहिता येईल."

म्हणून माझ्या कारकिर्दीतल्या एकाच अहवालाच्या शेवटी हे वाक्य आहे: 'खाली सही करणारा जन्मताना डोक्याकडूनच आलेला आहे, त्याच्या आईकडे खात्री केली आहे.' आई तेव्हा ऐंशीची होती. मी विचारल्यावर म्हणाली, "डोक्याकडनंच आलास. पुढं त्याचा काय उपयोग केलास, तुझं तू बघ."

अश्विनीने तो कागद लॅमिनेट करून स्वयंपाकघरात, नव्या फडताळाशेजारी लावला. घरी येणारा प्रत्येक पाहुणा तो वाचतो. एवढी वाईट जाहिरात कुठल्याही कंत्राटदाराच्या वाट्याला आली नसेल.

त्यानंतर मी आणि बबनदादांनी एक काम केलं. त्या वर्षी ज्या ज्या घरी आम्ही क्लॅम्प बसवले होते, त्या सगळ्या घरी कानस घेऊन पुन्हा गेलो. बहुतेक ठिकाणी लोखंड घासलेलं होतं. दोन ठिकाणी नव्हतं, तिथेही वास्तुशांतच होती. आता माझा नियम आहे: पूजेआधी घासायचं, आणि मालक ओरडला तर ओरडू द्यायचं. उघड्या लोखंडावर क्लॅम्प बसला, पिपाणी वाजली, की बाहेरून गंज चढू नये म्हणून रंग पुन्हा लावून देतो. पाहुण्यांना काही दिसत नाही. हे मला तेव्हाही करता आलं असतं. फक्त पिवळ्या रंगाचा एक छोटा डबा आणायला हवा होता.

पुढच्या वर्षी एप्रिलच्या शेवटी आप्पांच्या घरी तपासणीला गेलो. मुद्दाम अश्विनीच्या सुट्टीच्या दिवशी. मल्टिमीटर तिच्याच हातात दिला. पिपाणी वाजली. अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतलं, गिझरची वायर नळीपासून लांब नेली होती ती पाहिली. एवढ्यात पश्चिमेकडून काळोख दाटला.

काकू दारात आल्या. आधी आभाळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "झालं का? मंग निघा आता. अंधारून आलंय."

"काकू, कागदावर लिहिलंय ना, मी डोक्याकडून..."

"लिव्हलंय. वाचलंय मी. चार येळा वाचलंय. पन आभाळाला वाचता येतंय का?"

"आई," अश्विनी म्हणाली, "अशा पावसात त्यांना गाडीवर पाठवायचं? सर, आत या."

मी आत गेलो. तिने बाहेर जाऊन गॅसचा कॉक बंद केला, टीव्हीचं बटण बंद केलं, सगळ्यांना मधल्या खोलीत, भिंतीपासून लांब बसवलं. मी एक शब्दही सांगितला नव्हता. आप्पा सवयीने विळी शोधू लागले. "बसा खाली," काकूच म्हणाल्या. "त्या पान्याचा अजून पत्ता न्हाई."

मग सुरू झालं. पहिला गडगडाट लांब होता. दुसऱ्याने खिडकीच्या काचा थरथरल्या. काकूंचे ओठ हलत होते. एका बाजूला मी आणि दुसऱ्या बाजूला सून, दोघांच्या मध्ये त्या अडकल्या होत्या, आणि उठून जायला सबंध घरात दुसरी जागा नव्हती. तिसरी वीज एवढी जवळ पडली की उजेड आणि आवाज एकदमच आले. काकूंनी डोळे गच्च मिटले आणि हात पसरून जे हाताला लागलं ते घट्ट धरलं.

अश्विनीचं मनगट होतं ते. ती हलली नाही. माझ्याकडे पाहिलंही नाही.

पाऊस अर्धा तास कोसळला. विजा पुढे घोडनदीच्या पलीकडे गेल्या, आवाज मोठा होता तो बारीक होत गेला, तरी तो हात सुटला नव्हता. शेवटी काकूंनी डोळे उघडले, आपण काय धरलंय ते पाहिलं आणि सोडलं. पदर सारखा केला. स्वयंपाकघराकडे एकदा वळून पाहिलं. भिंत पांढरी होती.

"बघत काय बसलीस?" त्या सुनेला म्हणाल्या. "कॉक उघड आन् चहा टाक. त्यास्नी बी दे. कपबशीत दे, पाव्हनं हायती."